मागे उभं राहायचं काम

ट्रॅक्टर एकोणीसशे बाहत्तरचा, बागेतलाच,
गवत कापायला घेतलेला. सोळा घोड्यांचा म्हणतात,
त्यातले चार-पाच आता कुठेतरी सुटून गेलेत.
लोडर आणला ओन्नी पेल्टोच्या कोठारातून.
ओन्नी गेल्यावर मुलींनी तो भंगारात काढला होता.
तीनशे डॉलर, आणि वर धुरी दिलेले दोन मासे.

मी म्हटलं, रेइनो, नाकापेक्षा मोती जड होईल.
तो म्हणाला, तू दिवा धर.

दिवा मी सत्तावन्न वर्षं धरतोय.
आठ वर्षांचा होतो. वडिलांच्या ट्रकखाली तो, बाहेर मी.
उजेड जरा हलला की आतून शिवी यायची,
फिन्निश शिवी,
जी आईला कळू नये म्हणून आम्ही खोकायचो.
आईला कळायची.

लोडर नुसता पुढे टांगून भागत नाही.
पुढचं ओझं मागच्या ॲक्सलपर्यंत पोचवावं लागतं,
म्हणून पोटाखालून लोखंडी चॅनेलच्या दोन पट्ट्या;
नाहीतर एक दिवस, ओली रेती भरताना,
ट्रॅक्टरची कंबर मोडते मधोमध.
पुढच्या चाकांचे स्पिंडल बोटाएवढे, ते बदलले.
पंप इंजिनाच्या नाकाशी बसवला.
होज उलटे लागले, एकदा नाही, तीनदा:
वर म्हटलं की खाली, खाली म्हटलं की वर,
आणि तेल माझ्या बाहीत.

हे सगळं कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही.
गेल्या फेब्रुवारीत, दारातला बर्फ उपसताना
त्याने फावडं तसंच रोवून ठेवलं होतं
आणि घरात जाऊन डाव्या हाताने कॉफी ओतली होती.
मी पाहिलं. विचारलं नाही.

चौथ्या जोडापाशी वेल्डिंगची कांडी थरथरली.
मला वाटलं थंडी.
ऑक्टोबर संपत आलेला, सरोवरावरून वारा सुटलेला.
त्याने काच वर केली,
माझ्याकडे न बघता मुखवटा माझ्या हातात दिला.
दिवा मी धरतो, म्हणाला.
वेल्डिंगच्या लखलखाटात दिव्याचं काय काम,
पण त्याने धरला.
माझा जोड झाला सुरवंटासारखा, जाड, वळवळीत.
त्याने दिवा केसभरही हलू दिला नाही.
शिवी मीच दिली, दोघांच्या वतीने.

शनिवारी पहिली बकेट, खडीची.
रेइनोने लीव्हर ओढला. बकेट जागची हलली नाही,
मागची चाकं मात्र वर,
म्हातारी घोडी लाथ झाडायला निघावी तशी.
मागे उभा राहा! तो ओरडला.
मी मागच्या दांडीवर चढलो, सीटला धरून.
चाकं टेकली. खडी वर गेली, हळूहळू,
कण्हत, पण गेली.
दिवसभर तो पुढे, मी मागे.
एवढी वर्षं मी याला दिवा धरणं म्हणत होतो.

रविवारी त्याने मागे पेटी ठोकली, सिमेंट कालवलं,
त्यात जुन्या सौनाचे दगड टाकले,
आईने पाणी ओतून ओतून तडकवलेले.
ट्रकच्या काट्यावर वजन मीच केलं:
साडेचारशे पौंड, माझ्या अडीचपट.
आता तू मोकळा, म्हणाला.
मी खिशात हात घालून उभा राहिलो.
खिशात काय करायचं असतं, ते ठाऊक नव्हतं.

भरल्या बकेटीने ते वळतही नाही नीट.
खांदा वाचवायला लोडर लावला,
आणि स्टिअरिंग फिरवायला दोन खांदे लागतात.
हे त्याला सांगायची सोय नाही.

गुरुवारी रात्री बर्फ पडला, गुडघाभर.
सहाला माझ्या दारात इंजिनाचा आवाज,
एकाच दिव्याचा पिवळा उजेड.
पेटी थोडी हलकी पडतेय, म्हणाला.

मी बूट शोधायला लागलो.