कार्ड घातलेलं नाही

गाडी घेतली तेव्हा बाबा तिच्याभोवती तीनदा फिरले,
घोड्याभोवती फिरावं तसे.
टायरला लाथ मारली नाही. नुसता तळहात ठेवला बॉनेटवर,
बराच वेळ.
उलानबातरच्या बाजारात त्या दिवशी उणे एकोणतीस,
विकणाऱ्याच्या मिशीवर श्वास गोठलेला
आणि काट्यावर ब्याण्णव हजार किलोमीटर.
"ब्याण्णव? आणि ब्रेकच्या पेडलचं रबर असं गुळगुळीत?
घोड्याचं वय मी दात बघून सांगतो, पोरा.
खोटं बोलायचं तर दातही बदलून आण."
सहा लाख तुगरिक तिथल्या तिथे उतरले.

जपानची गाडी, स्टिअरिंग उजवीकडे,
आमचे रस्तेही उजवीकडूनच चालणारे.
म्हणून ट्रकच्या पुढे जायचं तर
शेजारी बसलेल्याने मान काढून बघायचं
आणि म्हणायचं, "जा." नाहीतर, "थांब."
सात वर्षं हे काम बाबांचं.
एकदाच चुकले. डावा आरसा गेला.
भंगारात मिळाला तो राखाडी, गाडी पांढरी.
राहिला तसाच.

बटण दाबलं की आतून एक बाई बोलायची,
अदबीने, जपानीत, एकच वाक्य.
बाबा म्हणायचे, प्रवासाला निघालेल्यांना आशीर्वाद देते.
आई चाकांवर दूध शिंपडायची,
बाई बोलायची,
बाबा म्हणायचे, "हो बाई, सावकाश जातो,"
मग गाडी हलायची.

ओसाकाहून शिकून आलेली मावसबहीण खालियुन
मागच्या सीटवर पोट धरधरून हसली.
"अहो काका, टोलचं कार्ड घातलेलं नाही,
एवढंच सांगतेय ती!"
बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.
दुसऱ्या दिवशी सकाळी, तितक्याच अदबीने:
"हो बाई. घातलेलं नाही."

मार्चमध्ये बाबा गेले.
त्यांच्या सीटवर आता पावाचे क्रेट असतात,
सहा दुकानांचे, पहाटे साडेचारपासून.

नोव्हेंबरात लाल त्रिकोण पेटला.
गोंबोसुरेनचं गॅरेज म्हणजे जहाजावरून उतरलेला एक कंटेनर,
आत शेकोटी, मटणाचा वास, आणि चार गाड्यांची आतडी.
त्याने मागची सीट उचकटली, बॅटरी बाहेर काढली.
अठ्ठावीस तुकडे, वह्यांसारखे ओळीने उभे.
एकेकाला दिव्याचा बल्ब लावून बघत गेला,
कुठला किती वेळ तग धरतो ते.
तीन मेलेले निघाले.
दोन घातले नदीत कोसळलेल्या एका टॅक्सीचे,
तिसरा कुणाचा ते सांगितलं नाही.
"दोन हिवाळे काढेल. तिसऱ्याचं मी बोलत नाही."
पैसे तीन हप्त्यांत.
वर हसून म्हणाला, "त्या बाईची कटकटही बंद केलीय.
त्याचे काही नकोत."

निघाले. बटण दाबलं.
काहीच नाही.
हीटरचा आवाज तेवढा.
चौकापुढे कोळशाचा एक ट्रक, काळा धूर सोडत, रखडत.
मी डावीकडे बघितलं. पाव.
त्या ट्रकच्या मागे मागे पावणेदोन किलोमीटर गेले,
मागून हॉर्न, शिव्या,
मग वळवली.

गोंबोसुरेनने काही विचारलं नाही.
डॅशबोर्डखाली डोकं घातलं, दातात वायर धरली.
काढायचे पैसे घेतले नव्हते त्याने,
जोडायचे पाच हजार घेतले.

बाई बोलली.
"हो बाई," म्हणायला गेले, आवाज फुटेना,
खाकरले, मग म्हटलं.

उद्या मंगळवार. आमच्या आकड्याच्या गाड्यांना शहरात बंदी.
आज रात्रीच बॉनेटवर जाड गोधडी घालायला हवी,
बाबा घालायचे तशी, कडा खोचून,
आणि पाव कसा पोचवायचा ते
सकाळी बघू.