तीन अक्षरांनंतर

तासगावात, दस्तगीर मुलाणींच्या दुकानात
जळक्या तांब्याच्या वासात लॅपटॉप उघडला.
पायाशी वायंडिंगची भेंडोळी,
गल्ल्याजवळ चहा, त्यावर साय धरलेली.
विहिरीत पडलेली, बोअरात अडकलेली मोटर
हे वर काढून देतात. एकोणतीस वर्षं.

नकाशा झाला होता.
आता त्यावर शोधायची पट्टी बसवायची:
गिऱ्हाइकानं नाव लिहायला घ्यावं,
उरलेलं आपण सुचवावं.

पहिल्या दिवशी टाकलं 'कव'.
यादी उघडली, वर आलं कवरत्ती,
पार समुद्रातलं.
चाचा म्हणाले, "तितं मोटर पडली तर मी न्हाय जात."

मग चौकट आखली.
शिराळ्यापासून जतपर्यंत, आटपाडीपासून खाली म्हैसाळ.
चार आकड्यांत
बाहेरचं सगळं जग यादीतून गेलं.

आणि नियम घातला: तिसरं अक्षर येईतो गप्प बसायचं.
बोट थांबलं की क्षणाचा तिसरा हिस्सा थांबायचं,
मग विचारायचं.
नाहीतर दर अक्षराला सर्व्हर
उठून दार उघडायला जातो, दारात कुणी नसतं.

'कवठे'.
महांकाळ, एकंद, पिरान, एकाखाली एक.
चाचांनी काळं बोट काचेवर ठेवलं, उचललं.
"आदी मला ह्ये लागत न्हवतं."

फोन यायचा. पलीकडून नुसतं हॅलो.
त्या हॅलोमागं म्हशीची साखळी,
कुणाच्या तरी हापशाचा कुरकुरता दांडा,
आणि हे म्हणायचे, "पोळांची वस्ती ना?
आलो. दोर लांबडा घेतो."

आता डाव्या कानात एक मोटर चालू असते,
दुकान बंद केल्यावरसुद्धा.
म्हणून ही पट्टी. म्हणून मी.

गावं होती यादीत, मळे नव्हते.
ओढ्याचं दुसरं वळण कुठल्याच माहितीत नव्हतं.
चार दुपारी चाचा सांगत गेले, मी टिपत गेलो:
भाताडे मळा, जळका आंबा, वरली लाट,
गुंडातात्याची विहीर.

ही कुठं?
"बुजीवली. वर शाळंचं पटांगण झालं."
मग काढू?
"ऱ्हाऊ दे की.
लोकं अजून तितनंच वाट सांगत्यात."

काल नोंदी चाळत होतो.
पहाटे चार वाजून सात मिनिटं, कुणीतरी लिहिलंय 'गुं'
आणि बोट थांबलंय.
कॉम्प्युटर उकार वेगळा मोजतो, अनुस्वार वेगळा,
त्याच्या हिशेबी तीन भरली.
यादी उघडली. एकच ओळ.

मी दुकानावर गेलो तेव्हा शटर अर्धं वर होतं,
खुंटीवरचा लांबडा दोर नव्हता.