अडीच

मिरजेला उतरलो तेव्हा सहा खोकी होती,
पाच चष्म्यांची, एक तपासणीच्या भिंगांचं,
आणि टीममध्ये मी एकटीच अशी
जिच्या फॉर्मवर लिहिलं होतं: मराठी येते.

रेंदाळ मागं पडलं. दोन्ही अंगांनी ऊस.
ड्रायव्हर म्हणाला, हुपरी कशी वळखायची मॅडम,
तर शेत संपलं की ठोकाठोक ऐकू येती.
आली.

आजोबा इथूनच गेले सेलमला,
चांदीच्या मालाबरोबर, महिन्याभरासाठी.
त्या महिन्याला यंदा अठ्ठावन्न वर्षं झाली.
घरात उरलं ते एवढंच:
टाकणखार हा एक शब्द,
आणि बायकांनीही ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणायची रीत,
जिच्यावर पुण्याच्या वसतिगृहात
मैत्रिणी पोट धरून हसल्या.
मग मी ‘आले’, ‘जेवले’ शिकले,
परकी भाषा शिकावी तसं, चुकत चुकत.

शिबिर कन्याशाळेच्या दोन वर्गांत.
बाकं लहान, गुडघे मोठे.
रांगेत बायकाच जास्त,
घरी बसून कड्या जोडणाऱ्या, घुंगरू भरणाऱ्या,
मजुरी किलोवर.
एकीच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या.
रेशनच्या मशीनला अंगठा लागत न्हाई,
ह्याला काय औषध?
मी चष्म्याचा नंबर काढणारी.
नाही म्हणाले.

चंपाक्कांनी वाचायचं कार्ड पालथं करून परत दिलं.
“अक्षरं नकोत. कडी देतो, तिच्यावर बघ.”
कनवटीची पुडी सोडली,
ज्वारीच्या दाण्याहून बारीक कडी टेबलावर ठेवली.
दीड.
“न्हाई.”
दोन.
“धुकं हाय.”
अडीच लावला, तशा त्या गप्पच झाल्या.
कडी फिरवली, तिचं तोंड शोधलं.
“ही बघ फट. धा वर्षं झाली,
ही फट मी बोटानं बघतोय.”

बघतोय. मी मान खाली घालून
जवळची नजर, अडीच, असं लिहिलं.

मग राहवेना. पायातलं पैंजण काढलं,
आईनं दिलेलं, आजोबांच्या हातचं,
आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.
त्यांनी नव्या काचांखाली उलटंपालटं केलं,
नखानं घासलं,
सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,
“ह्यो मशीनचा माल, पोरी.
टाका कुठाय ह्याला?
माणसाच्या हाताचं असतं तर एक तरी कडी वाकडी असती.”
रांग हसली. मीही हसले, उशिरानं.
रायगोंडा चौगुले, सेलमला गेले ते, आठवतात?
“चौगुले लई हायत बाई.”
पुढची बाई तोवर खुर्चीत बसली होती.

दुपारी साडेतीनला अडीच नंबर संपला.
एकचे ढीगभर उरले, दीडचेही.
यादी चेन्नईत बसून मीच केली होती,
संगणकापुढे बसणाऱ्या डोळ्यांच्या हिशेबानं.
एकेचाळीस बायका शिल्लक.
एक तरणी म्हणाली, तीनचा द्या की,
डोकं दुखलं तर दुखलं.
दिला नाही.
बरोबर केलं, असं सगळेच म्हणाले.
ती काही बोलली नाही, पदरानं डोळे पुसत गेली,
तेजाबाच्या वाफेनं पाणी येतंच तिथं, म्हणे.

निघताना खोकी हलकी.
पायरीवर चंपाक्का, मांडीवर परात, परातीत चांदी.
नजर वर न करता विचारलं, “निघालीस?”
“येतो,” मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.
हातोडी जिथं पडायची तिथंच पडत राहिली.

गाडीत दिवा लावून
एकेचाळीस नावं मोठ्यानं वाचली,
पोस्टानं चष्मे पाठवायचे म्हणून.
ड्रायव्हरनं त्यातली तीन सुधारली.
एक त्याची मावशी निघाली.
पत्ता नको, म्हणाला,
नुसतं हुपरी लिवा.