ठिपका

म्हापशाच्या नोंदणी कचेरीत, मागच्या खोलीत,
जिथला एसी कागदोपत्री सर्व्हरसाठी आहे
आणि दुपारी सगळे तिथंच डबा खातात,
मी एवढंच ठरवायला बसलोय :
वाचलेलं लक्षात ठेवायचं कुणी?

फाइल नुसती उघडली
तरी डिस्क तिच्या कपाळावर वेळ लिहिते.
म्हणजे वाचणं हेही लिहिणंच.
शंभर जणांनी पाहिलं, शंभरदा टाक बुडवला.
शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी,
ती वाचते थोडं, लिहीतच बसते,
आणि रांग बाहेर उन्हात.

माउंट करताना बजावता येतं :
लिहूच नकोस.
मग सुसाट सुटते. पण संध्याकाळी विचारलं,
आज कोण येऊन गेलं, तर हात झटकते.
किंवा : दिवसातून एकदाच लिही.
तेही चालतं. फक्त एकदा उघडलेलं
आणि चाळीसदा उघडलेलं
तिथं एकाच मापात बसतं.

मला हवी होती गरम पानं.
आजोबांच्या जन्माची ती नोंद,
जिच्या जोरावर नातू लिस्बनच्या विमानात चढतो;
अशी पानं वेगवान डिस्कवर, बाकीची मागे.

पिएदाद, निवृत्तीला नऊ महिने, म्हणाली,
"अरे, हें आमी पयलींच केल्लें."
आणि कपाटापाशी घेऊन गेली.
बांधीव वह्यांच्या पाठीवर पेन्सिलीचे ठिपके.
वही काढली की एक.
नाताळच्या आधी ती खोडरबर घेऊन बसायची,
निम्मे पुसायची;
कालची गर्दी आजची नव्हे म्हणून.
ठिपक्यांनी भरलेल्या वह्या हाताशी,
उरलेल्यांना शिडी.

मी तेच लिहून काढलं.
ठिपके मेमरीत जमवायचे,
रात्री दोन वाजता एकदाच डिस्कवर उतरवायचे,
उतरवताना निम्मे करायचे.
मध्येच वीज गेली तर त्या दिवसाचे बुडाले.
बुडू देत, हिशेब पैशांचा थोडाच आहे.
पर्यायाचं नावही ठेवलं : ठिपका.

मग ताडून बघायला शिडी चढलो.
मृत्यू, १९९६, खंड दुसरा.
पाठ कोरी. एकही ठिपका नाही.
हातात घेतली तर आपसूक उघडली,
एकशे बाराव्या पानावर.
पानाचा कोपरा धुऊन धुऊन विरलेल्या
रुमालासारखा मऊ.

खाली पिएदाद पोई मोडून
भाजीत बुडवत होती. वर बघत नव्हती,
इतकी काळजी घेऊन.

नाव मी वाचलं नाही.
म्हणजे वाचलं. लिहिणार नाही.

तो एक खंड वेगळा माउंट केला,
ठिपक्याविना.
कारणाच्या रकान्यात भरलं :
फारसं कुणी उघडत नाही.

आठवड्यानं ती पडद्याशी येऊन उभी राहिली.
"हांगा कोण पळयता, तें कळटा?"
सगळीकडे कळतं, म्हटलं. एक जागा सोडून.
तिनं चष्मा काढून पदर नसलेल्या फ्रॉकला पुसला,
"बरें," म्हणाली,
आणि दोन नंबरची खिडकी उघडायला गेली.
शुक्रवार होता.