कपाटाची किल्ली

देवळाच्या मागच्या खोलीत, जिथे नळाला बारीक धार येते,
तिथे मी पेले धुते. काचेचे, अंगठ्याएवढे.
एकशे बेचाळीस.
मूळचे दीडशे. फुटलेल्या आठांचा हिशोब कमिटीच्या वहीत आहे,
त्यातले तीन माझ्या नावावर.

जालन्याहून आले त्या वर्षी
नाना पेठेच्या तोंडाशी रिक्षावाला म्हणाला,
"चर्च? कुठलं? इथं हाकेवर चार आहेत."
मी म्हटलं, मराठी. जिथं मराठीत रडतात ते.

मागच्या बाकावर बसायचे, चपला हाताशी.
शेवटचं आमेन अर्धं आत, अर्धं रस्त्यावर.
सभासदांच्या वहीत नाव चढलं, वर्गणीची पावती मिळाली,
तरी वहीत असणं आणि मंडळीत असणं
यांच्यामध्ये किती बाकं असतात
ते मी मोजलंय: अकरा.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी सुवार्ताबाई त्रिभुवन
मागे वळूनही न बघता म्हणाल्या,
"ए जालना, हात ओले करायची लाज वाटते काय?"
मी उठले.
तेवढंच. कुणी डोक्यावर हात ठेवला नाही.
एक पंचा मिळाला, आणि तंबी:
साबण नको, वास धरतो. आधी गरम पाणी, मग गार.
आणि तळाशी राहिलेला द्राक्षरस मोरीत नाही ओतायचा,
मागच्या जास्वंदीला घालायचा.
(ती इतकी गडद फुलते, की ओहोळकाका
वीस वर्षं आपल्या शेणखताची फुशारकी मारतात.)

पेले धुताना मंडळी कळते.
ओठांची लाली म्हणजे सोळावं लागलं कुणाला तरी.
तंबाखूचा वास, तो खजिनदारांचा; मी बोलत नाही.
आणि दर महिन्याला एक पेला
काठोकाठ भरलेला परत येतो.

रणदिवेंचा.
मुलगा कात्रजच्या घाटात गेला तेव्हापासून.
उचलतात, ओठांपर्यंत नेतात, ठेवतात.
पाळकांना माहीत नाही. शेजारी बसणाऱ्या बायकोलाही
बहुतेक नाही.
मी तो जास्वंदीला घालते, आणि पुसते तेव्हा
जरा जास्त वेळ पुसते.

मग कमिटीने ठराव केला: प्लॅस्टिकचे आणू.
बोहरी आळीत शेकड्याने मिळतात, धुणं नाही, फुटणं नाही,
बाईमाणसाला त्रास नाही.
त्रास! मी किल्ली टेबलावर आपटली,
सुवार्ताबाईंच्या हातून माझ्याकडे आलेली किल्ली,
आणि बोलू नये ते बोलले, वेदीपासून दहा पावलांवर.

दोन महिने गेले नाही.
रविवारी घरी बसून भाजी निवडली.
कान मेले घंटेकडेच.
वाटलं, येतील कुणीतरी समजूत काढायला,
वचनं बिचनं सांगायला. कुणी आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी रणदिवे आले.
तीन जिने चढून, धापा टाकत,
हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. चहा निवला.
"प्लॅस्टिक काही बरं नाही," म्हणाले.
"पोतं भरतं आणि गाडीत जातं.
कुठला रिकामा, कुठला भरलेला,
बघतंय कोण?"

मी साखरेचा डबा उगाच उघडून बंद केला.
इतकी वर्षं त्यांना माहीत होतं
की मला माहीत आहे.

जाताना किल्ली ठेवली टीव्हीवर.
"पंचे कुठं ठेवलेत कुणाला सापडेनात," म्हणाले,
जणू त्यासाठीच आले होते.

आता पुन्हा नळाखाली उभी असते.
कमिटीने ठराव पुढच्या बैठकीवर ढकललाय,
आमच्याकडे पुढची बैठक म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.
ओझरेंची नवी सून दाराजवळ घुटमळते,
चपला हाताशी धरून.
तिला अजून हाक मारली नाही. मारीन.

रणदिवेंचा पेला अजून भरलेलाच येतो.
पण आता तबकाच्या अगदी कडेला,
माझ्या हाताला पहिला लागेल असा ठेवलेला.