खरं

उद्यमबागेत एकतीस वर्षं साचे तासले,
आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एवढंच केलं :
दोन चाकांवरची खोली.
आत एक पलंग, एक शेगडी,
मालनच्या गुडघ्यांसाठी कमोड,
उंची तिच्या मापाची, दोनदा मोजून.
पत्रा दावलसाबनं वाकवला.
रंग पिस्ता, कारण तोच डबा उरला होता.

ओढायला गाडी पद्मण्णाची. बोलेरो, केए बावीस.
"घ्या की," म्हणाला,
आणि किल्ली तळहातावर ठेवली
चुन्याचं बोट पुसावं इतक्या सहज.

साचा करताना आम्ही वाढावा ठेवतो.
ओतलेलं निवताना आकसतं.
पद्मण्णाच्या "घ्या की"ला किती वाढावा धरायचा,
ते कळेना, म्हणून गेलो शनिवार खुटावर
ईरण्णा मुगळीकडे.

पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून
त्यानं वर अडकित्ता ठेवला होता.
पॉलिसी इंग्रजीत, शिक्का कन्नडात,
मला सांगणं मराठीत,
आणि पानं मोजणं स्वतःशी : ओंदु, एरडु, मूरु.
"कव्हर हाय," म्हणाला. "खरं..."

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याचा जावई दरवेळी फसतो.
"खरं काय, बाबा?" विचारतो,
आणि खरं ऐकायला थांबतो.

"गाडी त्येंची, चालवणार तुम्ही. लायसन हाय, चालतंय.
खरं, मागं जोडणार त्याला नंबर पायजे,
पॉलिसीत नोंद पायजे, हप्ता येगळा.
नोंद न्हाई तर कंपनीच्या लेखी ती खोलीच न्हाई.
आणि न्हाई त्या खोलीनं कुणाला धडक दिली
तर कंपनी इचारणार, वडलीच कशाला?
मागचं तर गेलंच, पुढचंबी गेलं."

खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला
ती नसलेली खोली उन्हात उभी होती.
एक पोरगं तिच्या पत्र्यावर
बोटानं काहीतरी लिहीत होतं.

"पैसे देताय त्येंला?"
"डिझेल."
"डिझेल भरा. भाडं म्हणून रुपाया नको. भाडं आलं की कव्हर गेलं."
"आणि कुंदा? अर्धा किलो?"
त्यानं चष्मा कपाळावर नेला,
पान उलटलं, मागचंही पाहिलं.
"कुंद्याचं लिवलेलं न्हाई."

मग मी विचारलं, हूक तुटला तर?
समजा हिटणीजवळ. गाडी पलीकडं गेली,
खोली अलीकडं राहिली.
तो इतका हसला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला.
"काका, तुमचा हूकबी सीमेवरच तुटाय पायजे व्हय!"
मीही हसलो. त्याच्या हसण्यात कन्नड नव्हतं,
माझ्यात मराठी नव्हतं,
अडकित्ता तेवढा घसरला.

निघताना तो हळू आवाजात म्हणाला,
"सहा वर्षं पद्मण्णानं क्लेम केला न्हाई.
त्येची सूट साठलीया.
तुमची एक धडक, ती सगळी गेली.
आणि तो तुमाला सांगणार न्हाई."

हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

नंबर यायला अडीच महिने लागले.
अर्जात रकाना होता : वाहन कायम कुठे उभे राहणार?
मालन म्हणाली, लिहा, माहेरी.
मी वडगाव लिहिलं.

निघायच्या पहाटे पद्मण्णा बॅटरी घेऊन आला.
हूक हलवून पाहिला, पिन पाहिली,
मग पोत्यातून साखळी काढली,
त्याच्या म्हशीच्या दाव्याची, जाड,
आणि हुकाखालून दोन वेढे मारले.
मी पॉलिसीची झेरॉक्स पुढं केली.
त्यानं ती न वाचता घडी करून
काचेवर दव पुसलं.

"जावा," म्हणाला. "खरं..."

मी थांबलो. मालनही थांबली,
कुंद्याचा डबा हातात तसाच.

पुढं तो काहीच बोलला नाही.
बॅटरी बंद केली,
आणि आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत
आरशात पिस्ता रंगाखेरीज काही दिसेना,
फक्त साखळी वाजत होती,
थोडी सैल, वळणापुरती.