अख्खी रान

परभणीला जायचं तर पहिल्या गाडीनं जा, शीलू.
आठनंतर माल तोच असतो,
पण जाणते लोक निवडून गेलेले असतात.
मग उरतो मानेचा भाग
आणि इलियासचा धाकटा,
त्याला हिशेब येतो, सुरी येत नाही.

पाण्याच्या टाकीमागून आत वळ.
सायकलवाल्याला पत्ता विचारू नको,
तो "कसलं दुकान?" म्हणतो
आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणतो.
निळ्या पडद्याचं तिसरं.
पडदा बाजूला सारायचा, डोकं खाली घालायचं नाही.

पावशेर मागू नको.
पावशेराला भाव असतो,
मोठ्या तुकड्याला बोलणं असतं.
म्हण, एका बाजूचा पुठ्ठा पाहिजे, अठरा-वीस किलो,
चान्या घालायच्यात.
चान्या म्हटलं की इलियास सुरी खाली ठेवतो,
हात पुसतो
आणि आतल्या आकड्यावरचा हल्या दाखवतो.

पालिकेचा जांभळा शिक्का आधी बघ.
मग चरबी: पांढरी पाहिजे, दह्यासारखी.
मांस चमकायला लागलं तर पाणी मारलंय,
चमकणाऱ्याच्या नादी लागू नको
(हे तुला लग्नाच्या वेळीपण सांगितलं होतं).
अंगठा दाब.
खड्डा आपोआप भरून आला तर घे.
काट्याकडे बघ, त्याच्या तोंडाकडे नको,
तोंड फार गोड आहे त्याचं.
किलोमागं वीस रुपये तो स्वतःच कमी करील,
नळ्या मात्र मागून घ्याव्या लागतात.

काप रेषेच्या दिशेनं, लांब.
करंगळीएवढ्या जाड.
मीठ, हळद, आणि दोरी ताणून बांध,
मागच्या वेळी तुझ्या नवऱ्यानं बांधलेली
दुपारपर्यंत मांडवाच्या माळेसारखी लोंबत होती
आणि कावळे जेवून गेले.

तुझा आजा लिंबाजी असल्या चान्या कापायचा
की उन्हाकडे धरल्या तर पलीकडचं दिसावं.
पण त्याच्याकडे जनावर यायचं ते मेलेलं.
कुणाच्या गोठ्यातलं, कधीचं, कशानं मेलेलं,
विचारायची सोय नव्हती.
ओढून न्यायचं, हा त्याचा वाटा.
एक दिवस त्यानं दोर टाकून दिला.
त्यानंतर आमच्या चुलीवर
अकरा वर्षं नुसतं बेसन होतं, आणि अंबाडी.

मग जिंतूर रोडला खडी फोडून
पहिला पगार आला तेव्हा
तो ह्याच गल्लीत आला.
तेव्हा पडदा नव्हता, तरट होतं.
इलियासच्या आज्यानं विचारलं,
"कौनसा हिस्सा, भाई?"

आजा उभाच राहिला.
मागची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली.
त्याला सगळे हिस्से माहीत होते,
अंधारातसुद्धा सोलून दाखवला असता त्यानं,
पण हे त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं.
शेवटी बोट केलं आकड्याकडे.
"रान," दुकानदार म्हणाला. "पूरी?"

आजा घरी येऊन ते सांगताना
दर वेळी इथं हसायचा.
म्हणायचा, सातबारावर गुंठाभर न्हाई माह्या,
अन् तो इचारतोय, पूरी रान घेतो का!
घेतली.
डोक्यावर आणली सहा कोस.
माशा मागून.

आता तुला एसटी आहे.
दुधाची किटली ने, वर मेथीची जुडी ठेव.
कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर सांग मोठ्याचं आहे,
आणि सामानाचं तिकीट माग.
मेथी लपवायला नाही,
मेथी घालूनच करायच्यात नळ्या.

माझा गुडघा बरा असता तर मीच गेले असते.
एवढंच ध्यानात ठेव,
इलियास विचारील, कोणता हिस्सा.
तुला माहीत आहे तरी लगेच सांगू नको.
जरा उभी राहा.
मागचे कुरकुरले तर कुरकुरू दे,
परतीची गाडी साडेनवाला आहे.